आयपॅड, फोटोशॉप की क्रिटा? आधी फाइल कुठे जाणार ते बघ

प्रश्न: मी इलस्ट्रेशनच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कागदावर पेन्सिल आणि जलरंगात माझा हात चांगला चालतो, पण यंदापासून निम्म्या असाइनमेंट डिजिटल द्यायच्या आहेत. माझ्याकडे ८ जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप आणि स्क्रीन नसलेला लहान पेन टॅबलेट आहे. शिक्षक फोटोशॉपवर शिकवतात, वर्गातले बरेच जण आयपॅडवर प्रोक्रिएट वापरतात. एक सीनियर म्हणतो क्लिप स्टुडिओ घे, दुसरी म्हणते क्रिटा फुकट आहे, पैसे कशाला घालवतेस. मी पाच सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून बघितली, शेकडो ब्रश डाउनलोड केले आणि अजून एकही चित्र पूर्ण केलेलं नाही. टॅबलेटवर माझी रेघ मेल्यासारखी येते. आई-बाबा म्हणतात, एकदा काय ते ठरव, आम्ही घेऊन देतो. मला मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत आणि कॉमिक्सही करून बघायचं आहे. चुकीचं सॉफ्टवेअर निवडलं तर मी मागे पडेन का?
– गोंधळलेली

उत्तर: आधी सरळ उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. लॅपटॉपवर क्रिटा ठेव, बाकीची चार काढून टाक आणि हे अख्खं सेमिस्टर क्रिटावरच काम कर. फोटोशॉप कॉलेजच्या संगणकावर गरजेपुरतं शीक. क्लिप स्टुडिओचा विचार कॉमिक्सची पानं खरोखर सुरू झाल्यावर कर. आयपॅड आत्ता नको. आणि नाही, तू मागे पडणार नाहीस. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते. माझी कारणं पटली नाहीत तर वेगळा निर्णय घ्यायला तू मोकळी आहेस, पण तो कारणं बघून घे, वर्गात कोण काय वापरतं ते बघून नको.

पाच सॉफ्टवेअर, शेकडो ब्रश आणि पूर्ण चित्र एकही नाही, हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. तुझी खरी अडचण तिथे आहे. नवं सॉफ्टवेअर उघडलं की आपण काय करतो? ब्रश बदलत रेघा मारतो, दोन-चार डोळे काढतो, रंगांचे फराटे ओढतो. त्या पहिल्या अर्ध्या तासात सगळीच सॉफ्टवेअर छान वाटतात. घोडं पेंड खातं ते पुढे. रेघांच्या आत रंग भरताना कडेला पांढरे ठिपके राहतात. सावली फ्रॉकच्या बाहेर सांडते. शिक्षक म्हणतात, मुलीला जरा डावीकडे घे, आणि तिच्या मागची भिंत तू रंगवलेलीच नसते. शेवटी छपाईसाठी द्यायच्या फाइलचा आकारच चुकलेला निघतो. सॉफ्टवेअर आपल्याला मानवतं की नाही हे अशा ठिकाणी कळतं, आणि तिथपर्यंत तू एकदाही पोचलेली नाहीस. म्हणून तुला निवड करता येत नाहीये.

तेव्हा चाचणी घ्यायचीच तर एका पानाची घे. मुलांच्या पुस्तकातलं एक पान समज: एक मुलगी, एक प्राणी, मागे खोली, वर मजकुरासाठी मोकळी जागा. ए-४ आकार, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). लहान कच्च्या आराखड्यापासून सुरुवात कर, मग रेघ, सपाट रंग, सावली, पोत, आणि शेवटी सुपूर्द करता येईल अशी फाइल. चित्र झालं की मुद्दाम तीन बदल कर: मुलीला सरकव, फ्रॉकचा रंग बदल, दिवसाची रात्र कर. चित्र सुंदर झालं नाही तरी बिघडत नाही, पण ते शेवटपर्यंत गेलं पाहिजे. असं एक पान तुला जे शिकवेल ते शंभर ब्रश शिकवणार नाहीत.

आता तुझ्या मशीनकडे येऊ, कारण निम्मा निर्णय तेच करतं. ए-४ कागद ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, साधारण ८७ लाख. नेहमीच्या ८-बिट रंगात एका पिक्सेलला ४ बाइट लागतात, तीन रंगांचे आणि एक पारदर्शकतेचा. म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर (चित्राचा एकावर एक ठेवता येणारा पारदर्शक थर) साधारण ३५ एमबी झाला. असे ३० लेयर केलेस तर १ जीबीच्या आसपास. तुझ्या ८ जीबीतला बराच भाग विंडोज आणि उघडी ठेवलेली ब्राउझरची पानं खातात, अन्‌डू करता यावं म्हणून सॉफ्टवेअर मागच्या अवस्था सांभाळतं त्याचीही जागा लागते, पण तरी हे निभतं. समोरासमोरच्या दोन पानांचं एकसंध चित्र केलंस की तो ए-३ झाला, लेयरमागे ७० एमबी. तेही जमेल, फक्त मोठा ब्रश थोडा मागून येईल. पण कुणाच्या तरी सांगण्यावरून ए-३ कॅनव्हास ६०० डीपीआयला उघडलास, तर एक लेयर जवळपास २८० एमबीचा होतो आणि ३० लेयरना ८ जीबी पुरत नाहीत. रिकाम्या जागेसाठी सॉफ्टवेअर कमी मेमरी वापरतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा कमी भरतो. तरी हिशोबाची पट्टी हीच.

थोडक्यात, रंगीत चित्राला अंतिम छापील आकारात ३०० डीपीआय पुरे. शुद्ध काळ्या-पांढऱ्या रेघेच्या कॉमिक्ससाठी ६०० लागतात, पण तिथे लेयर मोजकेच असतात. "माझ्या लॅपटॉपला क्रिटा झेपत नाही" म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फाइल मी उघडून बघते, तेव्हा बहुतेक वेळा कॅनव्हास गरजेच्या दुप्पट मोठा असतो आणि "लेयर ४७" पर्यंत विनानावाची रांग लागलेली असते. संपलेले लेयर एकत्र कर, उरलेल्यांना नावं दे.

मेलेल्या रेघेचं खापर मी सॉफ्टवेअरवर फोडणार नाही. स्क्रीन नसलेल्या टॅबलेटवर हात खाली आणि नजर वर असते. कागदावर वर्षानुवर्षं हात आणि डोळा एकाच जागी असायची सवय झालेली, ती सुटायला काही आठवडे रोजचा सराव लागतो. पण त्याआधी एक गोष्ट आजच तपास. टॅबलेटवर वाटी ठेवून तिच्या कडेने हळू एक वर्तुळ काढ आणि स्क्रीनकडे बघ. ते अंडाकृती आलं, तर तुझ्या टॅबलेटची लांबी-रुंदी आणि स्क्रीनची लांबी-रुंदी यांचं प्रमाण जुळत नाहीये. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण राखण्याची सेटिंग असते, ती चालू कर. टॅबलेटची थोडी पट्टी वाया जाईल, जाऊ दे. या एका गोष्टीमुळे कितीतरी मुलांना "मला डिजिटल जमत नाही" असं वाटत राहतं, कारण हाताने बरोबर काढलेला चेहरा स्क्रीनवर फाकून येतो आणि का ते कळत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. पेन दाबलं तरी रेघ जाड होत नसेल, तर क्रिटाच्या टॅबलेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. एकाने चालत नसेल तर दुसरा निवडून क्रिटा बंद करून पुन्हा उघड. तिथेच दाबाचा वक्रही, म्हणजे किती दाबाला रेघ किती उमटेल ते, बदलता येतो. जलरंगाचा हात हलका असतो, म्हणून हलक्या दाबालाही रेघ उमटेल असा वक्र ठेव. आणि रेघ थरथरत असेल तर ब्रशच्या टूल ऑप्शनमध्ये स्टॅबिलायझर आहे. तो लांब, वळणदार रेघांपुरता वापर. सतत चालू ठेवलास तर रेघ गुळगुळीत होते आणि तुझ्या हाताची चाल तिच्यातून निघून जाते. रेघ मेली असं तुला वाटतं, त्यामागे कदाचित हाच स्टॅबिलायझर असेल, हेही बघून घे.

क्रिटा का, ते सांगते. ते फुकट आहे हे खरं, पण माझ्या लेखी मुख्य कारण ते नाही. या प्रकल्पाची मुळं १९९९ पर्यंत जातात, मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केडीई समुदायात तो वाढला, आणि पुढे त्याचा रोख फोटो सुधारण्याकडून थेट चित्र काढण्याकडे वळला. त्यामुळे तुला रोज लागणाऱ्या गोष्टी हाताशी आहेत. कॅनव्हासवर उजवं बटण दाबलं की ब्रश आणि रंगांचं चक्र तिथेच उघडतं. 'एम' दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं, आणि चेहरा कुठे कलला आहे ते लगेच कळतं. 'डब्ल्यू' दाबलं की कॅनव्हास चारी बाजूंनी स्वतःलाच जोडला जातो, कापडावरच्या नक्षीसारखे पॅटर्न करायला हे फार उपयोगी. रंग भरताना कडेला ठिपके राहतात म्हटलं ना, त्यासाठी फिल टूलमध्ये निवड काही पिक्सेलनी फुगवण्याची सोय आहे. रंग रेघेखाली थोडा सरकतो आणि ठिपके जातात. क्रिटात काढलेली चित्रं विकायला लायसन्सची कसलीही आडकाठी नाही.

एका जागी मात्र तू नक्की अडशील, म्हणून आधीच सांगून ठेवते. फोटोशॉप, प्रोक्रिएट आणि क्लिप स्टुडिओत एक लेयर खालच्या लेयरला "क्लिप" करता येतो: खाली फ्रॉकचा सपाट रंग, वर सावलीचा लेयर, आणि सावली फ्रॉकच्या आतच राहते. क्रिटात यासाठी "इनहेरिट अल्फा" आहे आणि ते थोडं वेगळं वागतं. ते फक्त लगतच्या लेयरकडे बघत नाही, त्या ग्रुपमध्ये खाली जे जे काही आहे त्या सगळ्याचा एकत्र आकार घेतं. खाली पांढरी बॅकग्राउंड असली की अख्खं पान भरलेलंच समजलं जातं आणि सावली मोकाट सुटते. मुलं म्हणतात, क्रिटात क्लिपिंग चालतच नाही. चालतं. फ्रॉकचा लेयर आणि सावलीचा लेयर दोघांना एका ग्रुपमध्ये टाक, मग सावलीवर इनहेरिट अल्फा लाव. लेयर निवडून कंट्रोल-शिफ्ट-जी दाबलंस तर असा क्लिपिंग ग्रुप आपोआप तयार होतो. हे एकदा कळलं की क्रिटाशी अर्धं भांडण मिटतं.

क्रिटाची पडती बाजूही आहे. मजकुराचं काम त्यात करू नकोस. पुस्तकाचा मजकूर तसाही पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला जातो आणि चित्रकाराने तो चित्रात कोरून द्यायचा नसतो. कधी कधी मोठ्या ब्रशला क्रिटा संथ होतं, आणि आयपॅडवर ते चालत नाही. ही शेवटची गोष्ट उद्या यंत्र बदललंस तर आठवणीत ठेव.

फोटोशॉपबद्दल. शिक्षक ते शिकवतात म्हणून चित्रही त्यातच काढायला हवं, असं नाही. १९९० साली पहिली आवृत्ती आल्यापासून छपाई आणि प्रकाशनाच्या जगाने आपली कामाची पद्धत त्याच्याभोवती बांधली, म्हणून पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची, फाइल मागितली जाते आणि म्हणून ते शिकवलं जातं. २०१३ पासून ॲडोबीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं थांबवलं आणि सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं. अभ्यासक्रम संपला की विद्यार्थ्यांची सवलत जाते आणि पैसे भरणं थांबवलं की सॉफ्टवेअर बंद. नुकतीच कामं मिळू लागलेल्या मुलीने दर महिन्याचा तो खर्च अंगावर घ्यावा असं मला वाटत नाही. कॉलेजच्या संगणकावर तू चार गोष्टी पक्क्या कर: मास्क (लेयरचा भाग न खोडता झाकणं), ॲडजस्टमेंट लेयर (मूळ चित्र न बदलता रंग-उजेड बदलणारा थर), निवड करण्याच्या पद्धती आणि रंगांचं छपाईसाठी रूपांतर. एवढं आलं की उद्या कुठल्याही स्टुडिओत फोटोशॉपसमोर बसून तू काम करू शकशील.

शॉर्टकटचा घोळ होईल अशी भीती असेल तर क्रिटाच्या सेटिंगमध्ये फोटोशॉपशी जुळणारी शॉर्टकटची योजना तयार आहे, ती निवड. दोन्हीकडे बोटं एकाच जागी जातील.

वर्गात कुणीतरी क्रॅक केलेलं फोटोशॉप पेन ड्राइव्हवर देईल. घेऊ नकोस. व्हायरसचा धोका आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तू स्वतः चित्रांच्या हक्कांवर जगायला निघाली आहेस. क्रिटासारखं साधन समोर असताना तशी गरजही उरत नाही.

क्लिप स्टुडिओ पेंट हे मला मनापासून आवडणारं सॉफ्टवेअर आहे, आणि कॉमिक्स करायचं पक्कं ठरलं तर पैसे तिथे घालव असं मी सांगेन. जपानच्या सेल्सिस कंपनीने ते मांगा (जपानी कॉमिक्स) काढणाऱ्यांसाठी घडवलं आणि ते जागोजागी जाणवतं. त्यातला व्हेक्टर लेयर घे. हाताने काढलेली रेघ नंतर जाड-बारीक करता येते, एखादं टोक धरून वळवता येतं. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथपर्यंतच खोडणारं खोडरबर आहे: केसांच्या बटा बिनधास्त चेहऱ्यावर ओढायच्या आणि नको तो तुकडा एका फटक्यात उडवायचा. चौकटी आखणं, पर्स्पेक्टिव्हच्या पट्ट्या, बोलण्याचे फुगे, सगळं आत आहे. प्रो आणि ईएक्स अशा दोन आवृत्त्या आहेत. अनेक पानांचं पुस्तक एकाच प्रकल्पात सांभाळणं ईएक्समध्ये जमतं, सुरुवातीला प्रो पुरे. घेताना एक नीट वाच: संगणकासाठी एकरकमी खरेदीचा पर्याय असतो, आयपॅडवर मात्र सबस्क्रिप्शन. आणि त्यात काम आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत होतं, छपाईचे सीएमवायके रंग बघण्याची आणि त्यात एक्सपोर्ट करण्याची सोय आहे.

प्रोक्रिएटची भुरळ मी समजू शकते. टास्मानियातल्या एका छोट्या कंपनीने २०११ मध्ये ते आणलं. आजही ते एकदाच पैसे भरून मिळतं, हातात धरून काढताना वहीच्या जवळ जातं, आणि आपण काय काढलं त्याचा झटपट व्हिडिओ आपोआप तयार होतो. वर्गातल्या मुलांना ते आवडतं यात नवल नाही. पण ते फक्त आयपॅड आणि आयफोनवर चालतं, म्हणजे तुझ्या बाबतीत सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे नवं यंत्र घेणं. किती लेयर मिळतील ते कॅनव्हासचा आकार आणि आयपॅडची मेमरी यांवर ठरतं. मघाचा हिशोब तिथेही लागू आहे, फक्त तिथे ॲप आधीच "एवढेच लेयर" म्हणून हात वर करतं. गॅलरीत परत गेलं की अन्‌डूचा इतिहास पुसला जातो. आणि जीव कळवळतो तो यासाठी: चित्रं ॲपच्या आत राहतात, ॲप काढून टाकलं की चित्रंही जातात. जागा कमी पडली म्हणून ॲप उडवून पुन्हा घेणाऱ्यांचं वर्षभराचं काम असं गेलेलं आहे. तुझ्या आयपॅडवाल्या मित्रमैत्रिणींना आजच फाइल बाहेर काढून ठेवायला सांग.

तुझ्या जलरंगांबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण पत्रात तू त्याचा उल्लेख ओझरता केला आहेस आणि माझ्या मते तुझी ताकद तिथे आहे. पाणी कागदावर पसरतं तसं दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत. रिबेल त्यासाठीच बनलेलं आहे, पण ते यंत्राकडून बरंच काम मागतं. ॲडोबीचं फ्रेस्को २०२४ पासून फुकट झालं आहे आणि त्यातले लाइव्ह ब्रश ओल्या रंगासारखे मिसळतात. पुढे कधी बघायला हरकत नाही. पण तुझा हात खऱ्या पाण्यावर बसलेला असताना त्याची नक्कल करणाऱ्या ब्रशच्या मागे का लागायचं? कागदावरच रंगव. आकाशाचे ओले थर, दगडाचे डाग, कोरड्या ब्रशचे खरखरीत फटके वेगवेगळ्या कागदांवर करून ३०० ते ६०० डीपीआयला स्कॅन कर. क्रिटात रेघेच्या खाली सपाट रंगांवर ते "मल्टिप्लाय" मोडमध्ये टाक. स्कॅनचा पांढरा कागद दिसेनासा होतो आणि फक्त रंगाचे डाग, कडा आणि पोत उरतात. मुलगी सरकवायची असेल तर ती डिजिटल आहे, भिंतीचा पोत मात्र तुझ्या हातचा. मुलांच्या पुस्तकांत अशा मिश्र पद्धतीने काम करणारे चित्रकार भरपूर आहेत. तुझ्या पोर्टफोलिओत असं एक पान दिसलं तर वर्गातल्या त्याच त्या तयार ब्रशच्या चित्रांत ते चटकन उठून दिसेल.

ब्रशचं म्हणशील तर शेकडो काढून टाक. पेन्सिलसारखा एक, शाईचा एक, सपाट रंगाचा एक, खरखरीत कडेचा एक आणि एक खोडरबर. मऊ एअरब्रश ठेवलास तरी कमी वापर, नवख्या हातात तो सगळ्याच आकारांच्या कडा वितळवून टाकतो.

आता ती फाइल, जिच्यासाठी मी शीर्षक दिलं आहे. चित्र स्क्रीनवर संपत नाही, ते कुणाकडे तरी जातं: शिक्षकांकडे, प्रकाशकाकडे, छापखान्याकडे. काढायला बसण्याआधी विचारून घे की आकार किती, ब्लीड किती, रंग आरजीबी हवे की सीएमवायके, फाइल कुठल्या प्रकारची. ब्लीड म्हणजे कापण्यासाठी चारी बाजूंनी सोडलेलं जास्तीचं चित्र, बहुतेक ठिकाणी ३ मिलिमीटर. हे आधी सोडलं नसेल तर शेवटी कडा ओढूनताणून वाढवाव्या लागतात.

रंगांचं दुखणं वेगळं. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई शाईने. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी हिरवा शाईत तसा उतरतच नाही, मंद पडतो. म्हणून आरजीबीमध्ये रंगव, पण क्रिटाच्या 'व्ह्यू' मेनूत सॉफ्ट प्रूफिंग आहे ते मधून मधून चालू करून बघ. छापताना साधारण कसं दिसेल ते त्यात कळतं. छापखान्याने रंगांची प्रोफाइल दिली तर ती वापर. क्रिटात थेट सीएमवायकेमध्येही काढता येतं, पण काही फिल्टर आणि ब्लेंड मोड (वरच्या लेयरचा रंग खालच्यात मिसळण्याच्या पद्धती, मघाच्या मल्टिप्लायसारख्या) तिथे वेगळे वागतात. त्यामुळे शिकताना त्या वाटेला जाऊ नकोस.

पीएसडी सगळीकडे उघडते यावर मात्र डोळे झाकून विसंबू नकोस. लेयर, त्यांची पारदर्शकता आणि नेहमीचे ब्लेंड मोड बहुतेक नीट येतात. क्रिटातले फिल्टर लेयर फोटोशॉपमध्ये तसेच्या तसे येतील असं धरू नकोस. क्लिप स्टुडिओतल्या व्हेक्टर रेघा पीएसडीत साध्या पिक्सेलच्या होऊन बसतात. म्हणून मघाच्या चाचणीच्या पानाची पीएसडी कर आणि कॉलेजच्या फोटोशॉपमध्ये उघड. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघ, काय हललं, काय गेलं. हे असाइनमेंटच्या आदल्या रात्री करू नकोस, सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात कर. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती ठेवायची सवय लाव: क्रिटाची मूळ केआरए फाइल, लेयरसकट पीएसडी, आणि सपाट केलेली टिफ किंवा पीएनजी. जेपीजी फक्त दाखवायला. तीच उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह करत राहिलीस तर दर वेळी चित्र थोडं थोडं खराब होतं.

मागे पडेन का, हा तुझा शेवटचा प्रश्न. लेयर, मास्क, क्लिपिंग, ब्लेंड मोड, निवड, रंगांची समज, या गोष्टी एका सॉफ्टवेअरमध्ये नीट आल्या की दुसऱ्यात त्यांची फक्त जागा आणि नाव शोधायचं राहतं. त्याला थोडे दिवस लागतात. धरसोड करत पाच सॉफ्टवेअरमध्ये थोडं थोडं शिकणाऱ्याला मात्र यातलं एकही नीट येत नाही. आणि चित्र मागवणारा संपादक तुझी पानं बघतो: तीच मुलगी बारा पानांवर तीच मुलगी वाटते का, गोष्ट पुढे सरकते का, वेळेवर फाइल येते का. सॉफ्टवेअरचं नाव तो फार तर फाइल कुठल्या प्रकारची येणार एवढ्यापुरतं विचारेल.

आई-बाबांना आत्ताच काही घेऊन द्यायची इच्छा असेल तर लॅपटॉपची रॅम वाढवता येते का ते दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घे. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते, तिथे इलाज नाही. येत असेल तर १६ जीबी करून घे आणि बॅकअपसाठी एक एक्स्टर्नल डिस्क घे. या दोन गोष्टी तुला आयपॅडपेक्षा जास्त उपयोगी पडतील. आयपॅड किंवा स्क्रीनवाला टॅबलेट यांचा निर्णय सेमिस्टर संपल्यावर घ्या. तोवर तुला कळलेलं असेल की तू टेबलाशी बसून काम करणारी आहेस की बाहेर फिरत स्केच करणारी. टेबलाशी बसणारी असशील तर स्क्रीनवाला टॅबलेट याच लॅपटॉपला लागतो आणि क्रिटाही सोडावं लागत नाही. बाहेर काढणारी असशील तर आयपॅड जरूर घ्या, फक्त किती मेमरीचं मॉडेल आहे ते बघून.

कॉमिक्ससाठी वेगळं थांबू नकोस, चार पानांची छोटी गोष्ट क्रिटातच सुरू कर. चौकटी आखताना आणि रेघा सुधारताना फार वेळ जातोय असं दिसलं, तर क्लिप स्टुडिओची चाचणी आवृत्ती घेऊन त्याच गोष्टीचं पुढचं पान त्यात काढ. दोन्ही पानं आणि प्रत्येकाला किती वेळ लागला ते मला कळव, मग ईएक्स घ्यायचं की प्रो ते आपण त्यावरून ठरवू.